खारं पाणी, गोडं पाणी आणि एक मुख्याध्यापक

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. विषय ऑस्ट्रेलियाचा आहे, पण क्रिकेटचा नाही.

१९९१ साली तिकडे एक गाणं तुफान चाललं. नाव ‘ट्रीटी’, म्हणजे करार. नाइट क्लबांत वाजलं, रेडिओवर वाजलं, देशाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ११व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यावर नाचणाऱ्यांना त्यातले बरेच शब्द कळत नव्हते, कारण ते गुमाच नावाच्या आदिवासी भाषेत होते. ही भाषा बोलणारे सगळे लोक एकत्र केले तर आपल्याकडच्या एखाद्या लहान गावात मावतील. आणि गाणारा माणूस कोण? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला समुद्रकाठी एक खेडं आहे, तिथल्या सरकारी शाळेचा मुख्याध्यापक!

त्यांचं नाव मंडावुय युनुपिंगू. तालुक्यातल्या शाळांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं करतोय. पटसंख्या, बदल्या, गळकी छपरं, पोषण आहार. या सगळ्याच्या मागे एक प्रश्न कायम उभा असतो: शाळा कुठल्या भाषेत चालावी हे नेमकं कोण ठरवतं? या माणसाने त्या प्रश्नापायी अख्खं आयुष्य घातलं, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितोय.

आधी नावाबद्दल दोन शब्द. त्यांचा समाज योलंगू. या लोकांत माणूस गेला की काही काळ त्याचं नाव उच्चारत नाहीत. त्याच नावाचा दुसरा कुणी हयात असेल तर तो आपलं नाव बदलतो. यांचंही आधीचं नाव बाकामाना. घरातला त्याच नावाचा माणूस वारला म्हणून १९९० च्या सुमारास त्यांनी मंडावुय हे नाव घेतलं. २०१३ मध्ये ते स्वतः गेले तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनीही हा रिवाज पाळून काही काळ ‘डॉ. एम. युनुपिंगू’ एवढंच छापलं. आता पूर्ण नाव घेतलं जातं, म्हणून मीही घेतोय.

गावाचं नाव यिर्काला. अर्नहेम लँड नावाच्या मोठ्या आदिवासी प्रदेशाच्या ईशान्य कोपऱ्यात, समुद्राला लागून. १९३५ मध्ये तिथे मेथडिस्ट मिशन आलं. मिशनची शाळा होती, शिकवणं इंग्रजीत. पण बाहेरचं जग या लोकांना अगदीच नवं नव्हतं बरं का. आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून मकासारचे दर्यावर्दी समुद्रकाकडी गोळा करायला शतकानुशतकं इथे येत होते. योलंगू लोक गोऱ्या माणसाला आजही ‘बलांडा’ म्हणतात. हा शब्द त्या दर्यावर्दींकडून आला, मूळ ‘हॉलंडर’, म्हणजे डच. आपल्याकडे ‘फ्रँक’चा फिरंगी झाला, तसंच.

मंडावुय यांचा जन्म १७ सप्टेंबर १९५६ चा. ते सहा वर्षांचे असताना गावावर संकट आलं. त्या जमिनीखाली बॉक्साइट सापडलं होतं आणि १९६३ मध्ये सरकारने आदिवासींच्या राखीव प्रदेशातला ३०० चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा खाणीसाठी वेगळा काढला. तिथे राहणाऱ्यांना विचारलंसुद्धा नाही.

मग योलंगू लोकांनी काय केलं? त्यांनी अर्ज केला. पण अर्ज कसा, तर झाडाच्या सालीवर! मधोमध टाइप केलेला कागद चिकटवला, मजकूर गुमाच भाषेत आणि सोबत इंग्रजीत. कडेने आपापल्या कुळांची चित्रं रंगवली. ती चित्रं शोभेची नव्हेत, जमिनीवर कुणाचा कसा हक्क आहे ते सांगणारी. आमच्या दृष्टीने सातबाराच म्हणा ना. ऑगस्ट १९६३ मध्ये हे अर्ज कॅनबेराच्या संसदेत मांडले गेले. ते आजही संसद भवनात ठेवलेले आहेत. संसदेने चौकशी समिती नेमली, समितीने लोकांचं म्हणणं बऱ्याच अंशी मानलं. खाण मात्र थांबली नाही.

मग लोक कोर्टात गेले. मंडावुय यांचे वडील त्या लढ्यातल्या पुढाऱ्यांपैकी एक. मोठे भाऊ गलरवुय दुभाषाचं काम करत होते. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. तो वाचला की हसावं की रडावं कळत नाही. या लोकांकडे अतिशय काटेकोर आणि जुनी कायदेव्यवस्था आहे हे न्यायमूर्तींनी मान्य केलं. पण जमिनीशी त्यांचं जे नातं आहे ते आपल्या कायद्याच्या व्याख्येतली मालकी होत नाही, सबब दावा फेटाळला.

मंडावुय तेव्हा १४ वर्षांचे. घरातच खटला चाललेला. म्हणजे शिकलेला माणूस आपल्या लोकांच्या किती कामाला येतो, हे त्यांनी भावाकडे बघून पाहिलं. आणि नुसतं इंग्रजी येऊन भागत नाही, हेही त्याच वेळी पाहिलं. आपलं म्हणणं इंग्रजीत नीट मांडूनसुद्धा समोरचा म्हणतो, आहे हे सगळं, पण आमच्या व्याख्येत बसत नाही! माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची मुळं इथे आहेत. त्यांना मुलांना इंग्रजी तर शिकवायचंच होतं, पण ते शिकताना स्वतःच्या व्याख्या हातातून सुटू द्यायच्या नव्हत्या.

१९७२ च्या डिसेंबरात गॉफ व्हिटलम पंतप्रधान झाले आणि लगेचच त्यांच्या सरकारने जाहीर केलं, की नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी मुलांना सुरुवातीचं शिक्षण त्यांच्या भाषेत मिळेल. १९७३ पासून द्विभाषिक शाळा सुरू झाल्या. कल्पना सरळ होती. पोरगं आधी घरच्या भाषेत लिहा-वाचायला शिकेल, इंग्रजी बोलण्यातून सुरू होईल आणि वरच्या वर्गांत तिचा वाटा पायरीपायरीने वाढेल. यिर्कालालाही हा कार्यक्रम आला. पण पुस्तकं कुठून आणायची? गावातच छापखाना सुरू झाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी ऐकून घेऊन पुस्तकं निघू लागली.

त्याच सत्तरच्या दशकात मंडावुय शाळेत मदतनीस म्हणून लागले. योलंगू माणूस शाळेत मदतनीसच असायचा. वर्गातल्या मुलांशी खरं बोलणारा तो, समजावणारा तो. पण काय शिकवायचं ते ठरवणार बाहेरून आलेला बलांडा शिक्षक, आणि तो दोनेक वर्षांत बदली घेऊन जाणार. आपल्या दुर्गम भागातल्या शाळांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मंडावुय आणि त्यांच्या बरोबरीचे मदतनीस इथे अडून बसले. त्यांनी आधी स्वतः पात्रता मिळवली. मंडावुय यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस डीकिन विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली पदवी घेतली. अर्नहेम लँडमधून विद्यापीठाची पदवी मिळवणारे ते पहिले आदिवासी. विचार करा, मिशन १९३५ ला आलं आणि पहिला पदवीधर व्हायला ५० वर्षांहून जास्त काळ लागला. या शिक्षकांनी गटाने बसून स्वतःचा अभ्यासक्रम आखायला घेतला आणि वडीलधाऱ्यांना शाळेच्या समितीत आणलं. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीसारखी ती समिती, फरक इतकाच की तिचा शब्द खरोखर चालावा असा त्यांचा हट्ट होता. १९९० मध्ये मंडावुय त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले.

आता त्यांचा विचार सांगतो. खाडीकाठच्या माणसाला तो लगेच कळेल.

योलंगू भाषेत एक शब्द आहे, ‘गानमा’. कांदळवनात एक डबरं असतं. जमिनीकडून गोड्या पाण्याचा ओहोळ येतो, समुद्राकडून भरतीचं खारं पाणी आत चढतं. दोन्ही भेटतात तिथे पाणी घुसळतं आणि वर फेसाची रेघ उमटते. त्या जागेला गानमा म्हणतात. योलंगू लोकांनी या जागेचा उपयोग शिक्षणाबद्दल बोलण्यासाठी केला. एक पाणी योलंगू ज्ञानाचं, दुसरं बलांडांच्या ज्ञानाचं. दोन्ही भेटली पाहिजेत, पण एकाने दुसऱ्याला गिळता कामा नये. वरचा फेस म्हणजे दोघांच्या भेटीतून तयार झालेलं नवं ज्ञान. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियन रेडिओवरच्या मानाच्या बॉयर व्याख्यानमालेत मंडावुय यांनी हाच विषय, समतोलाचा, देशापुढे मांडला.

आपण मचूळ पाणी म्हणतो तेव्हा नाक मुरडतो, कारण ते पिता येत नाही. पण कोळंबी, खेकडे, निवट्या कुठे मिळतात ते खाडीवर जाणाऱ्याला विचारा. जीव तिथेच जास्त असतो. फक्त एक आहे, बांध घालून गोडं पाणी अडवलं की खाडी उरत नाही.

हे नुसतं बोलणं नव्हतं. एक उदाहरण देतो, गणिताचं. योलंगू जगात प्रत्येक माणूस, प्रत्येक जमीन, प्राणी, झाड दोनपैकी एका गटात असतं: धुवा किंवा यिरिचा. लग्न नेहमी दुसऱ्या गटात. मूल वडिलांच्या गटात, म्हणजे आईच्या विरुद्ध गटात. आता आईकडून मोजत चला. तुम्ही यिरिचा असाल तर आई धुवा, आईची आई पुन्हा यिरिचा, तिची आई धुवा. एक आड एक, सम-विषम जाते तशी ही साखळी चालते. आपल्याकडे आत्या, मावशी, मामा यांची नाती पाठ असली तरी गावभर लावता येत नाहीत. त्यांच्याकडे ‘गुरुटू’ नावाच्या या व्यवस्थेत गावातला प्रत्येक माणूस प्रत्येकाचा कोणीतरी लागतो, आणि लहान पोराला ते सगळं तोंडपाठ असतं.

यिर्कालाच्या शिक्षकांनी काय केलं? ‘गार्मा मॅथ्स’ नावाचा अभ्यासक्रम बांधला. एका बाजूला अंकांची व्यवस्था, दुसऱ्या बाजूला गुरुटू. दोन्हींत ठरावीक नियमाने तेच तेच पुन्हा येतं आणि त्यातून अख्खं जग मोजता येतं. जे पोरगं ‘गणितात कच्चं’ म्हणून वहीत नोंदलं गेलं असतं, ते मुळात एक अवघड रचना डोक्यात घेऊनच शाळेत आलेलं आहे, हे शिक्षकाला दिसायला लागलं. मुलाच्या घरी ज्ञान आहे असं धरून सुरुवात करायची. मला विचाराल तर शिक्षणातली सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

आणि गाण्याचं काय? १९८६ मध्ये मंडावुय यांनी ‘योथू यिंडी’ हा बँड काढला, त्यात योलंगूही होते आणि गोरेही. योथू म्हणजे मूल, यिंडी म्हणजे मोठी, म्हणजे आई. दोन वेगळ्या गटांतले, तरी एकमेकांशिवाय अपुरे. शाळेत जो विचार, तोच बँडच्या नावात. ‘ट्रीटी’ गाण्यामागे एक मोडलेलं वचन होतं. १९८८ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी बारुंगा इथे आदिवासींसोबत करार करू असं जाहीर केलं होतं. मुदत उलटली, करार काही झाला नाही. मग गाणं आलं. गाण्याची कीर्ती जगभर गेली तशी शाळा आणि दौरे दोन्ही सांभाळणं अशक्य झालं आणि मंडावुय यांनी मुख्याध्यापकपद सोडलं. शिकवणं सुटलं नाही, वर्ग मोठा झाला एवढंच. १९९९ पासून भरणारा ‘गार्मा’ महोत्सवही या कुटुंबाच्या पुढाकारातूनच उभा राहिला. पंतप्रधान, मंत्री, प्राध्यापक तिथे येतात आणि योलंगूंच्या अंगणात बसून ऐकतात.

१९९२ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मंडावुय यांना मिळाला. त्याआधी १९७८ मध्ये तो त्यांच्या भावाला मिळाला होता. पण त्याच १९९२ मध्ये मेलबर्नच्या एका बारने मंडावुय यांना प्रवेश नाकारल्याची बातमीही झाली. एका हाताने हार घालायचा आणि दुसऱ्या हाताने दार लावायचं. हे दृश्य आपल्याला परकं वाटण्याचं कारण नाही.

आता दुखरा भाग. सरकारं बदलत गेली तशी शाळेची भाषाही बदलत गेली. १९९८ च्या अखेरीस नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने द्विभाषिक कार्यक्रम गुंडाळून तो पैसा इंग्रजी शिकवण्याकडे वळवायचं ठरवलं. गावोगाव विरोध झाला. काही शाळांनी ‘टू-वे लर्निंग’ असं नाव बदलून काम जिवंत ठेवलं. काही वर्षांनी सरकारने पुन्हा द्विभाषिक शिक्षण मान्य केलं. मग २००८ मध्ये देशभरात एकच लेखी चाचणी आली, अर्थातच इंग्रजीत. दुर्गम शाळांचे निकाल खाली आले आणि ऑक्टोबरमध्ये फर्मान निघालं, शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवायचं. आपल्या भाषेला उरली दुपार, पोरं पेंगायला लागतात ती वेळ. गंमत म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत पंतप्रधान केविन रड यांनी, आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून नेल्याबद्दल संसदेत माफी मागितली होती. यिर्कालाने या चार तासांना विरोध केला. पुढे काही वर्षांत तो नियमही मागे पडला. पण ३५ वर्षांत चार वेळा धोरण उलटलं की एका मुलाच्या शाळकरी वयात काय होतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही सांगायला हवं. अनेकांना, त्यात आदिवासी नेतेही आले, प्रामाणिकपणे वाटत होतं की मुलांना इंग्रजी आलं नाही तर ती गावातच अडकतील. हजेरी कमी होती, वाचन कच्चं होतं, हेही खरं. ‘आमच्या भाषेचं कौतुक पुरे, पोराला नोकरी लागेल असं शिकवा’ हे वाक्य आपल्याही प्रत्येक पालकसभेत ऐकू येतं आणि ते बोलणाऱ्या बापाला मी चूक म्हणणार नाही. पण मंडावुय यांचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातच आहे. त्यांनी इंग्रजीला विरोध कधी केला नाही. विद्यापीठाची पदवी इंग्रजीत घेतली, रेडिओवर इंग्रजीत व्याख्यान दिलं, गाणी दोन्ही भाषांत गायली. त्यांचं म्हणणं एवढंच, की इंग्रजीपर्यंत जाण्यासाठी मुलाने स्वतःला शाळेच्या दाराबाहेर ठेवून यायची गरज नाही.

२००७ मध्ये त्यांच्या मूत्रपिंडांनी असहकार पुकारला. तिथल्या आदिवासींमध्ये हा आजार फार आहे. डायलिसिस सुरू झालं. २ जून २०१३ रोजी ते गेले. वय ५६. ज्या देशात लोक सहज ८० पार करतात, त्या देशात.

पण शाळा थांबली नाही, कारण ती एका माणसावर उभी नव्हती. त्यांच्या पत्नी यालमय युनुपिंगू त्याच शाळेत शिक्षिका. प्रसिद्धी नवऱ्याला मिळाली, फळ्यापुढे त्या उभ्या राहिल्या. एकदोन नाही, तब्बल ४० वर्षं! डॉ. स्यूसची बालपुस्तकं त्यांनी मुलांसाठी आपल्या भाषेत आणली. सरकारं आली-गेली, बाहेरचे शिक्षक आले-गेले, यालमयबाई तिथेच. २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि २०२४ साठी ‘सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ म्हणून त्यांची निवड झाली. द्विभाषिक शिक्षण कशावर टिकतं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, बदली न होणाऱ्या बाईंवर.

२०२० मध्ये यिर्कालाच्या शाळेतून आठ मुलं बारावी झाली, विद्यापीठ प्रवेशासाठी लागणाऱ्या गुणांकासह. त्या गावात असं पहिल्यांदाच घडलं. ही मुलं इंग्रजीने मागे पडतील म्हणून ज्या शाळेची भाषा काढून घ्यायची होती, त्याच शाळेतली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. गाण्यातला तो करार राष्ट्रीय पातळीवर आजही झालेला नाही. आदिवासींना संसदेपुढे आपला आवाज असावा म्हणून १४ ऑक्टोबर २०२३ ला सार्वमत झालं, त्यात सुमारे ६० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. गोरे लोक आले तेव्हा त्या खंडात २५० हून अधिक भाषा होत्या. २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार १२३ भाषा कुठल्या ना कुठल्या रूपात वापरात आहेत, आणि भक्कम म्हणाव्यात अशा, म्हणजे मुलं घरात सहज शिकतात अशा, फक्त १२. योलंगूंच्या भाषेचा तग त्या शाळेतल्या फळ्याशी बांधलेला आहे.

हे सगळं मी इथे का लिहिलं? आपल्या राज्यघटनेत ३५०-क कलम आहे. १९५६ साली, म्हणजे मंडावुय जन्मले त्याच वर्षी ते आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं त्यात म्हटलंय. आणि आपल्याच वाड्यांवर कातकरी पोरं पहिलीत येतात. घरी कातकरी बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी ऐकतात, गप्प बसतात. आपण लिहितो, ‘मूल अबोल आहे’. तिकडे आपण मराठीवाले स्वतः पोरांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो आणि घरी म्हणतो, मराठी टिकली पाहिजे. दोन्हीकडे बांध घालणारे आपणच.

माझ्या यादीत बरेच जि.प. शिक्षक आहेत. त्यांना एकच विचारायचंय. पहिलीतल्या पोराने घरच्या बोलीत उत्तर दिलं, तर तुम्ही ते फळ्यावर लिहिता की दुरुस्त करता? खरं काय ते कमेंटमध्ये लिहा. आणि त्यातला एखादा शब्द आठवत असेल तर तोही लिहा. मी ते जपून ठेवीन.